भोये सरांचे धक्के

भोये सरांना कुणीही बातमी सांगायला गेलं, की ते आधी हात वर करून त्याला थांबवत. "आधी प्रत सांगा. सरप्राइज, की शॉक?"

सूर्यमाळच्या बाजूला आमची शाळा. सर इंग्रजी शिकवत, मी गणित. सगळ्या धक्क्यांना एकच शब्द वापरणं त्यांना अजिबात खपत नसे. वीज आली तर सरप्राइज, दुपारपर्यंत टिकली तर अस्टॉनिशमेंट. बातमी वाईट असेल तरच शॉक. आणि धक्क्यात संताप मिसळला की अपॉल्ड. हा शेवटचा शब्द त्यांनी मुलांना माझ्या हातचा चहा पिऊन समजावला. मेला उदाहरणांचा सोस! दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना चहा देणंच बंद केलं.

'स्टन्ड' शिकवताना तर ते खडू हातात धरून असे थिजले की पोरं घाबरली, शिपाई पाणी घेऊन धावला आणि मुख्याध्यापक जीप बोलवायला निघाले. तेव्हा कुठे सर हलले. आता हा शब्द कुणी विसरणार नाही, म्हणाले. मुख्याध्यापकांना झालेला धक्का कोणत्या प्रतीचा, हे विचारायची मात्र कुणाची छाती झाली नाही.

दिवाळीनंतर दहावीतल्या यमुनेचा बाप तिचं नाव काढायला आला. भात कापून झालं होतं, घरची सगळी वीटभट्टीवर निघाली होती. पोर हुशार. गेली असती तर शिक्षण तिथेच संपलं असतं. शाळा सुटल्यावर सर तिच्या पाड्यावर निघाले, मीही गेले.

बाप वाईट नव्हता. त्याच्या म्हाताऱ्या आईला धड दिसत नव्हतं, तिच्या भरवशावर पोर कशी ठेवायची, म्हणून दोघींनाही भट्टीवर न्यायचं त्याने ठरवलं होतं. सरांनी लगेच सांगून टाकलं, की दोघींनी त्यांच्या क्वार्टरमध्ये राहावं, ते स्वतः पडवीत झोपतील.

"तुमची बायको काय बोलंल, गुर्जी?" बापाने विचारलं.

मलाही तेच विचारायचं होतं. सरांची बायको जामसरला सासूजवळ असते, असंच आम्ही सगळे ऐकून होतो.

"ती नाही आता," सर म्हणाले. "मी इथे बदलून यायच्या आधीच गेली. मी अजून भात दोघांचाच लावतो. रोज उरतो."

 हा माणूस आम्हाला रोज हसवत होता, आणि एवढं दुःख त्याने कुणाला कळूसुद्धा दिलं नव्हतं.

 बापाने घरात हाक मारली, "आये, तुझी गोधडी काढ. गुर्जींकडं जायाचं."