महाराजांचं तोंड आलं

एका जंगलात, बाळांनो, महाराजांचं तोंड आलं होतं.

महाराज म्हणजे वाघ. तोंड येणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. गालाला आतून पांढरे फोड, जिभेच्या कडेला लाल चट्टे. नुसतं पाणी प्यायलं तरी झोंबतं. महाराजांना हाड चावता येईना, डरकाळी फोडता येईना. ते हळू आवाजात बोलू लागले. त्यामुळे जंगल आणखीच घाबरलं.

राजवैद्य होते भल्लूकशास्त्री अस्वल. त्यांनी ज्येष्ठमध उगाळून मधात खलला आणि लेप केला. बराचसा मध खलतानाच संपला, तरी थोडा लेप उरला. पण कुणावर न तपासलेला लेप महाराजांच्या तोंडात लावायचा, म्हणजे आपला पंजा महाराजांच्या तोंडात घालायचा. शास्त्रीबुवांना पंजाची काळजी होती. ते उठले आणि बोरीखालच्या बिळाशी गेले.

त्या बिळात सगुणा उंदरीण आणि तिची थोरली जाऊ भागीरथी राहत. सगुणाच्या पिल्लांचे अजून डोळेही उघडले नव्हते.

"आ कर," शास्त्रीबुवा म्हणाले.

सगुणाने आ केला.

"फोड नाहीत तुला?"

"नाहीत. देवाची दया."

"मग ते आणावे लागतील."

"पण मलाच का, शास्त्रीबुवा?"

"उंदराचं तोंड आतून थेट वाघासारखं असतं. दात, जीभ, गाल, सगळं जिथल्या तिथं."

"मग आमचं महाराजांशी नातंच लागलं की!"

"शास्त्रात लागतं. बाहेर बोलू नकोस."

'नाही' म्हणायला कुणाची मनाई नव्हती. पण विचारणारं अस्वल असलं, की 'नाही' हा शब्द लवकर आठवत नाही. शास्त्रीबुवांनी बाभळीच्या काट्याने दोघींच्या गालाला आतून जखम केली. सगुणाला लेप लावला. भागीरथीला नुसतं ओढ्याचं पाणी. एकीला काहीच दिलं नाही, की दुसरीला दिलेल्याचा गुण कळतो, असं शास्त्र आहे.

सगुणाला जोंधळ्याचा दाणा फोडवेना. लेप गोड होता, पण त्याच्याखाली आग होती. ती पिल्लांना कुशीत घेऊन गप्प पडून राही.

एका दुपारी भागीरथी दाणे वेचायला बांधावर गेली होती. बिळाच्या तोंडाशी सळसळ झाली आणि धामण वळणावळणाने हळूहळू आत शिरू लागली.

बाळांनो, उंदरिणीला पिल्लं उचलायला हात नसतात, तोंड असतं. सगुणाने पहिलं पिल्लू मानगुटीला धरलं आणि मागच्या वाटेने पळाली. जखम फाटली. खैराच्या मुळाशी एक ढोली होती, तिथे पिल्लू ठेवून ती परत आली. दुसरं उचललं. मग तिसरं. तोंड रक्ताने भरलं होतं, पण पिल्लाला दात लागू नये म्हणून तिला ते घट्ट मिटताही येईना. शेवटचं पिल्लू उचललं तेव्हा धामणीचा श्वास तिच्या शेपटीला लागला.

पिल्लं वाचली, सगळीच्या सगळी. ढोलीत ती थरथरत होती. त्यांना चाटून शांत करावं, तर आपलं रक्त त्यांना लागेल. सगुणा त्यांच्याभोवती नुसती वळसा घालून बसली. भागीरथी माग काढत आली आणि तिने पिल्लं चाटली.

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा हुडकत ढोलीशी आले. सगुणाचं तोंड बघून त्यांनी कपाळावर पंजा मारून घेतला.

"हे काय करून ठेवलंस? प्रयोग चालू असताना पिल्लं उचलायची नसतात!"

"साप आला होता, शास्त्रीबुवा."

"साप प्रयोगात धरलेला नाही."

मग त्यांनी भागीरथीला आ करायला लावला. तिची जखम भरून आली होती. शास्त्रीबुवांनी कान खाजवला.

"लेप भागीरथीला लावला होता, असं समजू."

"पण लावला नव्हता," भागीरथी म्हणाली.

"लावला असता, तर तू बरी झाली असतीस की नाही?"

"झाले असते."

"झालं तर मग!"

लेप महाराजांना लावण्यात आला. फोड होते तिथेच राहिले, वर आणखी एक आला. महाराजांनी शास्त्रीबुवांना बोलावून घेतलं आणि अगदी हळू विचारलं, "हे कसं?"

शास्त्रीबुवांनी दोन्ही पंजे पाठीमागे घेतले, आणि विद्या कामाला आली.

"लेप अचूक आहे, महाराज. फक्त आपण अजून पुरेसे उंदीर झालेला नाहीत."



"मग काय करू?" महाराजांनी विचारलं. तोंड आलेला राजा कुणाचंही ऐकतो.

"दोन्ही वेळा जोंधळ्याची पेज. हाडं बंद. दिवसभर अंधारात पडून राहायचं."

महाराज पेज पिऊ लागले. त्या दिवसांत हरणं गुहेच्या दारापर्यंत चरत येत. महाराज त्यांच्याकडे बघत आणि पेजेत मीठ मागत. मीठ झोंबतं म्हणून तेही मिळत नसे. पुढे एके दिवशी फोड गेले. ते जातातच. पण शास्त्रीबुवांना शाल मिळाली, त्यांच्या विद्वत्तेवर हत्तीने भाषण केलं, आणि दोघी जावांनाही मानाने बोलावून हत्तीच्या मागे बसवलं. तिथून त्यांना हत्ती चांगला दिसत होता.

सगुणाच्या गालाची जखमही आता भरली होती. ती कुजबुजली, "जाऊबाई, तुम्हाला तर पाण्याशिवाय काहीच लावलं नव्हतं. मी उठून सांगते."

भागीरथीने हत्तीच्या पायांमधून सिंहासनाकडे पाहिलं. महाराज जबडा उघडून, मिटून बघत होते. पुन्हा नीट चालतो का, ते तपासत होते.

"सगुणे, गप बस," ती म्हणाली. "आत्ता कुठं तोंड बरं झालंय."

तात्पर्य : औषध कधी चुकत नाही. चुकतो तो रोगी, आणि त्याच्याआधी उंदीर. म्हणून शहाण्याने आपोआप बरं होऊ नये. व्हायचंच असेल, तर वैद्य जवळ असताना व्हावं.