पहिल्या सोहळ्याची बाहुली

दोन्या ओफेलियाच्या फळीवर बाहुली नव्हती, आणि टीव्ही वाहिनीची माणसं जिना चढत होती.

देशातल्या टीव्ही पुरस्कारांना पन्नास वर्षं होत होती. पहिल्या सोहळ्यात वाटलेल्या प्लास्टरच्या बाहुल्यांपैकी एकच शाबूत राहिली होती, ओफेलियाची. तिचं चित्रीकरण होणार होतं आणि राजधानीतल्या प्रदर्शनात तिला पहिली जागा मिळणार होती. ओफेलियाने त्यासाठी केससुद्धा रंगवून घेतले होते.

ती बहिणीकडे गेली होती तेव्हा कुंड्यांना पाणी घालायला किल्ली कूकाकडे होती. कूका शेजारी नव्यानेच राहायला आलेली. ओफेलिया तडक तिच्या स्वयंपाकघरात घुसली. बाहुली बादलीत डोक्यावर उभी होती.

"कूका! माझा पुरस्कार!"

"पुरस्कार? मला वाटलं लग्नं जुळवणारा संत अंतोनियो. अंगात झगा, कडेवर पोर..."

"पोर नाही, टीव्हीचा डबा आहे तो!"

"असेल बाई. पण माझ्या लेकीसाठी, इल्दासाठी देव पाण्यात घातलाय. तिचं लग्न ठरल्याशिवाय सरळ करायचा नाही. बोललेला नवस मोडला, तर ही जन्मभर माझ्या उरावर बसेल."

"मग ठरव की! माणसं दारात आलीत."

इल्दाचा नाबोर कोपऱ्यावरच्या बेकरीत होता. तीन वर्षं तो 'बघू, बघू' करत होता. कूकाने त्याला पिठाच्या हातांनिशी ओढत आणलं. मागोमाग कॅमेरा आत शिरला आणि दिवा थेट त्याच्या तोंडावर पडला.

"बोल," ओफेलिया म्हणाली. "सबंध देश बघणार आहे."

नाबोरने दिव्याकडे पाहिलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या इल्दाकडे. "करतो लग्न."

"कधी?" इल्दाने विचारलं.

"डिसेंबरात."

"कुठल्या?"

"या," तो घाम पुसत म्हणाला.

बाहुली सरळ झाली. तिचं नाक पाण्यात विरघळून गेलं होतं. ओफेलियाने ती तशीच, स्वतःची मान ताठ ठेवून, वाहिनीच्या हवाली केली. सोहळ्याच्या रात्री सगळा प्रकार देशाने पाहिला.

महिन्याभराने ती ठेवणीतला पोशाख घालून प्रदर्शनाला गेली. काचेआड वर्षावर्षांच्या बाहुल्या चकाकत होत्या. पहिल्या जागी तिची होती. उलटी. पुढ्यात फुलांचा ढीग.

पहारेकरी धावत आला. "माफ करा, दोन्या ओफेलिया. आमच्या संचालकांना तीन मुली आहेत... सरळ करू का?"

ओफेलियाने बाकीच्या चकचकीत बाहुल्यांवरून सावकाश नजर फिरवली. एकीपुढेही फूल नव्हतं.

"राहू दे," ती म्हणाली. "कामावर आहे ती."