गोठलेल्या तळ्याची ओटी

भरल्या पाण्याला ओटी वाहिल्याशिवाय पाठ दाखवायची नाही, हा माजी सरपंच विठ्ठलरावांचा आयुष्यभराचा नेम. तो त्यांनी एकदाही मोडला नव्हता. युसूफ वडगावजवळचं त्यांचं तळं आजवर तीनदाच भरलं होतं, त्यामुळे नेम फारसा जडही गेला नव्हता.

यंदा मुलगी तेजश्रीने आईबापांना हिमाचलात नेलं, भाड्याच्या स्की पायांत अडकवल्या आणि एका गोठलेल्या तळ्यावर उभं केलं. विठ्ठलरावांनी या काठापासून त्या काठापर्यंत नजर फिरवली.

"एवढं काठोकाठ?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "वच्छला, ओटी काढ."

वच्छलाबाईंनी स्वेटरच्या आतून पिशवी काढली. नारळ, खण, हळदकुंकू. परगावी त्या याशिवाय निघत नसत.

"आबा, लोक बघायलेत," तेजश्री म्हणाली.

"बघू दे. म्हैन्यावर झेडपीची निवडणूक हाय. पाण्यानं विठ्ठलरावाचा नारळ घेतला न्हाई, असं गावात कळलं तर मतं कोन देईल?"

"गावात कशानं कळंल?"

"मीच फोटो टाकनार हाय की ग्रुपवर."

पूजा यथासांग झाली. खण बर्फावर छान बसला. नारळ मात्र बुडायचं सोडून निघाला. सावकाश, पण ठामपणे, पलीकडच्या काठाकडे.

"अवो, चालला की त्यो," वच्छलाबाई म्हणाल्या.

विठ्ठलराव मागे निघाले. सकाळी त्यांना नुसतं उभं करायला दोन माणसं लागली होती. आता ते डावा पाय, उजवी काठी, उजवा पाय, डावी काठी असे धोतर सावरत घसरत होते. पण नारळ गाठला रे गाठला की स्कीचं टोक त्याला लागे आणि तो पुन्हा पुढे पळे.

"आबा, फोडून टाका तिथंच."

"कावून फोडू? ओटीचा हाय. सगळाच द्यावा लागतोय."

बर्फाला भोक पाडू का, असं तेजश्रीने स्कीच्या मास्तरला विचारलं. त्याने कानाला हात लावले. तोवर विठ्ठलरावांची एक फेरी पुरी झाली होती. दुसऱ्या फेरीला दिल्लीच्या दोन बायका त्यांच्यामागे रांगेत लागल्या. नारळ हा खेळाचाच भाग असावा, असा त्यांचा समज झाला. मास्तर आपले विद्यार्थी सोडून बघत राहिला.

"अंकल ने कहाँ सीखा?" त्याने तेजश्रीला विचारलं.

"बीड जिल्ह्यात," तेजश्री म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तिची मान ताठ झाली.

उन्हाकडच्या कडेला बर्फ पातळ होता. नारळ तिकडे वळला. विठ्ठलराव थांबले नाहीत. थांबायचं कसं, ते अजून शिकवलं नव्हतं. कडाड आवाज झाला आणि दोघेही पाण्यात गेले. पाणी नडगीपर्यंत. नारळ तरंगू लागला, तेव्हा त्याला खाली दाबायला त्यांनी पाय उचलला.

"पायानं न्हाई, हातानं," काठावरून वच्छलाबाई म्हणाल्या.

विठ्ठलरावांनी वाकून तो दोन्ही हातांनी बर्फाच्या थराखाली सारला. तो तिथेच राहिला.

"घेतला," ते दात वाजवत म्हणाले. दिल्लीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तेजश्रीने फोटो काढला; तो सुरेख आला.

"मास्टरजी," विठ्ठलरावांनी धोतर पिळत विचारलं, "इस तलाव का नाव क्या हाय? फोटू के नीचे लिखना पडता."

"तालाब?" मास्तर म्हणाला. "ये तो स्कूल का ग्राउंड है. हर दिसंबर बर्फ जमाने के लिए टँकर से भरते हैं."