लांबचं सगळं दिसतं

महमूदने भली दांडगी अमेरिकन पिकअप विकत घेतली आणि दार्सैतच्या गल्लीत आणून उभी केली. रत्नागिरीचा हा माणूस मस्कतच्या एका गोदामात बल्ब आणि वायरी सांभाळायचा. पिकअपमध्ये भरून न्यावं असं त्याच्याकडे एका कुटुंबाशिवाय काही नव्हतं. पण त्या उंच सीटवर बसलं की त्याला आपणच गल्लीचे अर्बाब, म्हणजे मालक, आहोत असं वाटे.

बोनेट त्याच्या बायकोच्या, कुलसुमच्या, हनुवटीला लागत होतं.

"यातून पुढचं दिसतं काय?" तिने विचारलं.

"लांबचं सगळं दिसतं."

"आणि जवळचं?"

"एकदम सेफ गाडी आहे."

"आतल्यांना," कुलसुम म्हणाली.

सोमवारी त्यांच्या मुलीची, सनाची, दहावीची परीक्षा होती. साडेआठला शाळेचं गेट बंद होणार होतं. आठ वाजता पिकअप गल्लीच्या वळणावर अडकली. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला उभ्या मोटारी आणि मागे टॅक्सी. महमूदने हॉर्न दिला.

ओमानात चहाच्या दुकानापाशी हॉर्न वाजला की चहा गाडीपाशी येतो. वळणावर नेमकं हुसैनमियाँचं दुकान होतं. ते एक करक चहा घेऊन निघाले. बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून अदबीने बोनेटसमोर उभे राहिले. महमूदला ते दिसले नाहीत. त्याने पुन्हा हॉर्न दिला. हुसैनमियाँ आत जाऊन दोन करक घेऊन आले. तिसऱ्या हॉर्नला घाईचं गिऱ्हाईक ओळखून त्यांनी ट्रेच भरून आणला.

"अब्बा, आय विल बी लेट," सना म्हणाली.

"पुढे मोकळं आहे. यल्ला, चला," असं म्हणत महमूदने गाडी जेमतेम वीतभर पुढे घेतली.

ट्रे खणखणला. महमूदने ब्रेक दाबला. बोनेटखालून शांत आवाज आला, "साखर कमी हवी होती तर सांगायचं ना, महमूदभाई."

सना अर्धवट उघडलेल्या दारातून आडवी होऊन निसटली. "मी वॉक करते," म्हणाली आणि पळत सुटून वेळेत पोचलीही. महमूद तसाच घसरत उतरला आणि पुढे गेला. हुसैनमियाँच्या सदऱ्यावर चहा सांडला होता. त्यांच्या गुडघ्यात आणि बंपरमध्ये चार बोटांचं अंतर होतं. महमूदला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. गाडी मागे मागे घेत बाहेर काढेपर्यंत दुपार झाली, आणि त्याने ती विकायला काढली.

आठवड्याने इब्री गावच्या बाजारातला दुकानदार जहूर बघायला आला. महमूदने ठरवलं, या माणसाला खरं काय ते सांगायचं. जहूरला बोनेटसमोर उभं करून तो वर बसला.

"जहूरभाई, तुम्ही दिसत नाही."

"हात वर केला तर?"

"बोटं दिसतात. तुमच्या बाजारात बायामुलं चालतात. नीट विचार करा."

जहूर बाजूने बाहेर आला. त्याचे डोळे चमकत होते. "मग हीच पाहिजे. आताच्या माझ्या गाडीला बाजारात कोणी विचारत नाही. किल्ली द्या."

महमूदने पाच मिनिटं समजावलं. जितकं समजावलं तितका जहूर खूश होत गेला. शेवटी महमूदने किल्ली खिशात टाकली.

"इंजिन गेलंय," तो धडधडीत खोटं बोलला.

जहूर दोन पावलं मागे सरकला. "आधी सांगायचं ना," तो म्हणाला. "अशी धोक्याची गाडी गळ्यात मारत होता माझ्या."