पत्ता अपुरा, सबब परत

बापू म्हात्र्यांना कुणी सुरमईच्या ताटाचा फोटो दाखवला, तर ते आधी ताट कुठलं ते विचारतात. सुरमईची चौकशी मागाहून.

मी शाळामास्तर. जिल्ह्यात कुठं काय खावं हे सांगणारा फोनवरचा एक गट हौसेनं चालवतो. मुंबईची मंडळी नागावला जेवतात, फोटो टाकतात आणि खाली लिहितात, 'अलिबाग'. किहीमही अलिबाग, मुरूडही अलिबाग. लगेच बापू हजर: 'सदर ठिकाण अलिबाग नसून नागाव आहे. पत्ता अपुरा, सबब परत.'

बापू माझे शेजारी. कोर्टात बेलिफ होते, उभा जन्म नोटिसा बजावण्यात गेला. चुकीच्या पत्त्यांपायी त्यांना कुत्री चावलीत आणि एकदा भलत्याच लग्नाच्या पंगतीत जेवून यावं लागलंय. त्यामुळे पत्ता चुकवणारा माणूस त्यांना जवळजवळ आरोपीच वाटतो. बायको गेल्यापासून तर दिवसभर हाच उद्योग. म्हाताऱ्याला आवरा, अशा तक्रारी माझ्याकडे येत. मी हसून सोडून देई, कारण मला बापू आवडतात.

अशा माणसाचाच पत्ता चुकला, तेव्हा गटात दिवाळी साजरी झाली. बापूंनी एका खानावळीतल्या कोलंबीच्या कालवणाचं तोंडभर कौतुक केलं होतं, ठिकाण दिलं होतं तळा गाव. तिथल्या एका गृहस्थांनी सगळी बाजारपेठ पालथी घातली आणि कळवलं की असली खानावळ आमच्या गावात नाही. मग काय, जो तो बापूंना त्यांचंच वाक्य ऐकवू लागला.

मी विचारायला गेलो, तर ते चपला घालून उभेच होते. "चला मास्तर," म्हणाले आणि मला घेऊन गेले ते तळ्याला नव्हे, थेट चौलला. नारळाच्या वाडीत एक पडवी, दोन बाकडी आणि चुलीशी शेवंताबाई. आम्हाला पाहताच त्यांनी बापूंना उशीर का झाला म्हणून विचारलं.

कालवण खरोखरच तसं होतं. मग तळा कशाला, असं मी हळूच विचारलं. बापू ताटाकडे बघतच बोलले.

"एवढं चांगलं जेवल्यावर लिवल्याशिवाय राहवंना. खरा पत्ता द्यायला जीव होईना. गाड्या भरून लोकं येतील, मग मला कोण इचारतंय? घरी उशीर का झाला म्हणून इचारणारं आता कोणी न्हाय, मास्तर. हितं हाय."

मी ताटातलं उरलेलं संपवून उठलो.

मी हात धूत असताना शेवंताबाई सहज सांगू लागल्या. गिऱ्हाईकच नाही, त्यामुळे पावसाळ्याआधी खानावळ बंद करून लेकीकडे पनवेलला जायचं त्यांच्या मनात होतं. पातेल्यात अर्धं कालवण तसंच उरलं होतं. बापूंनी हे ऐकलं आणि ते पातेलंही पाहिलं. परतीच्या वाटेवर त्यांनी एकाही पाटीवरची चूक दाखवली नाही.

संध्याकाळी गटावर त्यांची दुरुस्ती आली: 'सदर खानावळ तळा येथे नसून चौल येथे आहे. चुकीचा पत्ता देणारा मी. सर्वांनी अवश्य यावे.' खाली वाडीत शिरायचा रस्ता इतका नीट लिहिला होता, की लहान मूलही पोचलं असतं.

पुढच्या रविवारी मी बापूंना जवळजवळ ओढतच नेलं. आपली अडचण नको म्हणून त्यांनी मुद्दाम दुपार टळू दिली होती. रस्त्यापर्यंत गाड्या लागलेल्या, पडवीत पाय ठेवायला जागा नाही. बापू कुंपणाशीच थांबले. पत्ता बरोबर असला की माणूस पोचतो, एवढंच बोलले आणि माघारी वळले.

तेवढ्यात शेवंताबाईंनी चुलीपासून मान वर केली. बाकड्याच्या टोकाला एक ताट पालथं घालून ठेवलेलं होतं, आणि त्यापुढची जागा रिकामी होती.

"बापू, किती हा उशीर?" भरल्या पडवीतून त्या रागानं म्हणाल्या. "तुमच्या जागेवरून लोकांना उठवून उठवून दमले मी."