एकच पार्ट राहिलेली गाडी

दसऱ्याला रायपूरच्या आमच्या कॉलनीत सगळे आपापल्या गाडीची पूजा करतात. शेजारचे गोतमारे काका गाडीच्या तुकड्यांची करतात. पोर्चमध्ये पंडरीच्या कापडबाजारातून आणलेली चादर अंथरायची, तिच्यावर कार्बुरेटर, शॉकअप, स्टिअरिंग, वायपरच्या काड्या मांडायच्या आणि प्रत्येकाला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहायचं. मागे विटांवर लाल सांगाडा उभा असतो, त्याला हार. आरती सगळ्यांना मिळून एकच.

"काका, गाडी जोडूनच पूजा करा ना एकदा," मी दरवर्षी म्हणतो.

"बस, एकच पार्ट राहिला," काका दरवर्षी सांगतात.

काका रेल्वेच्या हिशेब कचेरीतून निवृत्त झाले. जन्मात कधी सायकलचं पंक्चर काढलं नव्हतं. पण निवृत्त होताच भंगारातून ही दोन दारांची बसकी स्पोर्ट्स कार आणली आणि तिला सुधारायला घेतलं. मोठा सायलेंसर लावला, तो जमिनीला घासला. म्हणून शॉकअप बदलले, तर चाकं मडगार्डला घासायला लागली! मग चाकं बदलली. आता ब्रेक बसेना. मारुतीच्या शेपटीला निदान शेवट होता.

या उद्योगात काकूंनी गोल बाजारातून घेतलेली पितळी परात पार्ट पेट्रोलनं धुवायला कामी आली. "माह्या कणकीची परात होती ती," काकू येईल त्याला सांगतात, "आता पोळीले बी पेट्रोलचा वास येऊन राहिला."

सल्लागार एकच, काकांचा बेंगळुरूला असलेला मुलगा पंकज. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. काका मराठीत विचारतात, तो हिंदीत उत्तरं देतो.

"काहून रे, हा बोल्ट कुठचा?"

"पापा, पहले कैमरा सीधा करो. आपका कान दिख रहा है."

यंदा मी इरेला पेटलो. माझं ऑफिस नवा रायपूरला, तिथले रुंद मोकळे रस्ते बघून मला रोज ही गाडी आठवायची. ओळखीचा मिस्त्री आणला, काकांना खुर्चीत बसवलं आणि गाडी जोडून घेतली. रविवारी किल्ली फिरवली तर अशी डरकाळी फुटली की काकूंनी हातच जोडले. पंकजनं फोनवर टाळ्या वाजवल्या. दसऱ्याला चाकाखाली लिंबू ठेवून नवा रायपूरपर्यंत चक्कर मारायची ठरली. काका तेवढे गप्प होते. मला वाटलं, आनंदानं.

दसऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालून गेलो तर पोर्चमध्ये चादर! वर कार्बुरेटर, स्टिअरिंग, वायपरच्या काड्या. माझं डोकंच फिरलं.

"काका, चांगली चालू गाडी काहून खोलली?"

"एकच पार्ट..." काका म्हणाले आणि थांबले. कार्बुरेटर पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "पंकज 'बधाई हो पापा' म्हणे, अन् फोन ठेवला. आता इतवारी मी त्याले काय विचारू? नौकरीत होतो तवा आम्ही बोलत होतो का कधी? 'जेवला का?' विचारलं का तो म्हणे 'हाँ'. झालं. हे गाडी आली तवापासून पोट्टा घंटा घंटा बोलते माह्याशी."

मी इतका हुशार, आणि हे मला दिसलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. रविवार नव्हता, तरी पंकज. दसऱ्याचा नमस्कार झाला.

"पापा, गाड़ी कैसी चल रही है?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "खोलली रे. एकच पार्ट राहिला."

पलीकडे पंकज हसला. "अच्छा किया पापा. मैं भी सोच रहा था, अब संडे को क्या करूँगा." मग म्हणाला, "कैमरा सीधा करो ना. फिर से कान दिख रहा है."

काका दुसऱ्या हाताच्या मळक्या फडक्यानंच डोळे पुसत होते.

"राहू दे रे," ते म्हणाले, "आज कानच पाह्य."