सुभेदारांचं आडवं भिंग

आमच्या शेजारच्या सुभेदारांकडे गेलं की पहिल्यांदा कानावर येतं ते, "पाच फुटांवर थांबा!" अंगणात त्यांनी चुन्याची एक रेघ ओढली आहे. दूधवाला असो, तलाठी असो की घरचा जावई, आधी त्या रेघेवर उभं राहायचं. सुभेदार कॅमेऱ्यामागून एक बटण फिरवतात, मधमाशी अडकल्यासारखा आवाज होतो, ते "फिट!" म्हणतात, आणि मग चहा सांगतात.

मी साताऱ्याहून बदली होऊन कवठे महांकाळच्या शाळेत आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी हातात पेढ्यांचा पुडा घेऊन त्या रेघेवर बराच वेळ उभा होतो. मला वाटलं, फौजी माणूस, शिस्त असेल. आम्हा सातारकरांना फौजेचं कौतुक फार.

शिस्तीचा काही संबंध नव्हता. सुभेदारांनी फौजेत जन्मभर वायरलेसचे सेट दुरुस्त केले. घरी आल्यावर विट्याच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना जाडजूड भिंग मिळालं, बंद पडलेल्या तंबू टॉकीजच्या प्रोजेक्टरचं. हे भिंग रुंद देखावा दोन्ही बाजूंनी दाबून चित्रात बसवतं. मग संगणकावर ते चित्र पुन्हा आडवं ताणायचं. ताणायच्या आधी माझं चित्र पाहिलं, तर मी उंच, सडपातळ, चक्क देखणा! "राहू द्या असंच," मी म्हटलं. त्यांनी निर्दयपणे ताणलं आणि माझं पोट परत आलं.

हे भिंग कॅमेऱ्याच्या स्वतःच्या भिंगापुढं बसतं. समोरचा माणूस चालू लागला की तो स्पष्ट दिसत राहावा म्हणून दोन्ही भिंगांच्या कड्या एकदम फिरवाव्या लागतात, आणि त्याही वेगवेगळ्या मापानं. "दोन हातांत दोन कड्या, मग कॅमेरा काय दातात धरू?" म्हणून सुभेदारांनी यंत्र बनवायला घेतलं. मोडक्या प्रिंटरच्या दोन मोटारी, दातेरी पट्टे, ऑनलाइन मागवलेलं सर्किट, आणि एकाच वेळी दोन्ही मोटारी चालवणारं एक गोल बटण. ते बटण सुभेदारांच्या बायकोच्या, हिराकाकूंच्या, मिक्सरचं.

"आवं गुरुजी, वरीस झालं, मिक्सर पकडीनं चालू करतीया मी," काकूंनी माझ्याकडे तक्रार केली. "माझं बटन कवा देताय इचारलं, तर म्हणत्यात, पाच फुटांवर थांब!"

चित्र धूसर झालं की सुभेदार मांडीवर थाप मारून म्हणत, "नजर सुटली!" पुढं पुढं हे सगळ्यालाच लागू झालं. आमटीत मीठ कमी पडलं, नजर सुटली. बुद्धिबळात माझा उंट गेला, नजर सुटली.

एकदा मी विचारलंच, की एवढा आटापिटा कशासाठी? लग्नाच्या सुपाऱ्या घेणार का?

सुभेदार बटण पुसत राहिले. मग म्हणाले, "थोरल्यासाठी."

थोरले म्हणजे त्यांचे भाऊ, सिदूदादा. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचे आणि उन्हाळा सरता सरता परत यायचे. जन्मभर हेच. "मोबाईलमधी दादा मावतो, गुरुजी, पर मेंढरं मावत न्हाईत. ती आडवी पसरून चालत्यात. आन् मेंढरांबिगर दादा म्हंजी निम्माच की." पुढं म्हणाले, "त्यानं काठी धरली म्हणून मला पाटी धरता आली. मी फौजेत असताना दर साली तो वाटंनं परत आला, आन् मी एकदाबी वाटंवर नव्हतो. आता त्याचं गुडघं गेल्यात. औंदाची शेवटची खेप. मग खांड इकून टाकणार." मेंढरांच्या कळपाला ते खांड म्हणतात.

मला एकदम वाईट वाटलं. काकूंच्या पकडीचं हसू आलं होतं, त्याचंही.

दादा येणार त्या दिवशी सुभेदारांनी माळाच्या कडेला कॅमेरा लावला. वाटेवर दर दहा फुटांवर चुन्याची खूण केली, ती वाऱ्यानं उडाली. मग टेपनं मोजून सुबाभळीच्या हिरव्यागार डहाळ्या टाकल्या. दादा डहाळीपाशी आले की मी आकडा ओरडायचा, म्हणजे सुभेदार तेवढं बटण फिरवणार.

धुरळा दिसला. पुढं दादा, लाल पटका, खांद्यावर काठी. मागं माळभर मेंढरं. "शंभर!" मी ओरडलो. "नव्वद!"

ऐंशीला मेंढरांना हिरवा पाला दिसला. दादांना मागं टाकून सगळं खांड डहाळ्यांवर तुटून पडलं. साठ खाल्ला, पन्नास खाल्ला, बघता बघता दहासुद्धा शिल्लक ठेवला नाही.

दादा वाटेतच पोट धरून हसत उभे राहिले आणि धाकट्याला ओरडून म्हणाले, "मारत्या! मेंढक्याच्या पोटचा तू, आन् मेंढरांच्या वाटंवर पाला टाकतोस व्हय रं?"

झालं, वर्षभराची मेहनत मेंढरांच्या पोटात गेली, असं मला वाटलं. सुभेदार मात्र शांत होते. "आता आकडं नकोत, गुरुजी." त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावरची नजर काढून सरळ दादांकडं लावली. पोटभर खाऊन मेंढरं मागंपुढं पसरली आणि दादा उजवा पाय जरा ओढत चालू लागले. मधमाशीचा आवाज त्यांच्या पावलाबरोबर सावकाश चालला होता. तीस फूट असतील, वीस, दहा. एकदाही "नजर सुटली" ऐकू आलं नाही.

"पाच फूट! दादा, थांबा!" ते ओरडणं माझंच होतं. भिंगाला पाच फुटांच्या आतलं दिसत नाही, हे एव्हाना मलाही पाठ झालं होतं.

दादांना ही रेघ कुणी सांगितलीच नव्हती. ते थेट आले. सुभेदारांच्या हातून बटण सुटून वायरीला लोंबकळलं. ते कॅमेऱ्यापुढं येऊन दादांच्या पायाशी वाकले, आणि दादांनी त्यांना उठवून घोंगड्यासकट जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते चित्र ताणून बघायला बसलो. आत काकू चटणी वाटत होत्या. मिक्सरचं बटण जागेवर गेलं होतं. चित्रात दादा धुरळ्यातून येत होते, दाढीचा केस न् केस स्पष्ट. मग शेवटी दोन काळपट डाग एकमेकांत मिसळले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"शेवटचं एवढं कापून टाका, सुभेदार," मी म्हटलं. "काहीच दिसत नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"भिंगाला दिसत न्हाई, गुरुजी. मला दिसतंय की."